चार ते पाच हॉर्न बंद

तो माणूस आपल्याला मार्क देतोय, हे मिसबाच्या लक्षात आलं ते तिसऱ्या दिवशी.

पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं, कुणाची तरी वाट बघत असेल. मंडईच्या बाहेरच्या अंगाला, जिथं टेम्पो मागं घेत घेत माल उतरवतात, तिथल्या लोखंडी खांबाशी तो बरोबर चारला येऊन उभा राहिला. फिकट निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात तळहाताएवढी वही. खांबासमोरच मिसबाचा फळांचा गाळा. बागवानांच्या चार पिढ्या त्या ओट्यावर बसून पेरू-अंजीर विकत आलेल्या. अब्बांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून दुपारनंतर तिथं मिसबा बसायची. डिसेंबरचं तिरपं ऊन पेरूंच्या राशीवर उतरलं की सगळा कोपरा गोडसर वासानं भरून जायचा... आणि त्या वासात उभा राहून हा बाबा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा, मग समोर बघायचा, मग वहीत काहीतरी टिपायचा. पाचच्या सुमाराला असरची अजान झाली की वही खिशात घालून निघून जायचा. ना भाव विचारणं, ना एखादं बोर उचलून तोंडात टाकणं.

"महापालिकेचा असंल," शेजारच्या ओट्यावरून गोदाबाई म्हणाल्या. गोदाबाईंची पालेभाजी आणि जीभ, दोन्ही फुरसुंगीची. "ओट्याच्या बाहेर किती पाट्या आल्यात ते मोजतोय."

दुसऱ्या दिवशी गोदाबाईंनी मत बदललं. "न्हाय गं. मुलगी बघायला आलाय. आधी लांबून बघायचं, मग घरी सांगायचं. तुमच्यात अशी पद्धत हाय का?"

"आमच्यात अशी काही पद्धत नाही, गोदामावशी."

"मग नवी काढली असंल."

मिसबा हसली खरी, पण ओढणी सारखी करताना तिची नजर एकदा खांबाकडे गेलीच. आणि त्याचीही नेमकी तेव्हाच इकडं वळली... दोघांनीही घाईघाईनं दुसरीकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी एक टेम्पो मागं येताना जोरात हॉर्न वाजला. तो माणूस असा काही दचकला की वही त्याच्या हातातून उडाली आणि थेट मिसबाच्या पेरूंत येऊन पडली. उघडीच. मिसबानं उचलली. वाचायचं नव्हतं तिला, पण अक्षर मोठं होतं —

मंडई. ४.०० — ८०. ४.१० — ८०. ४.२० — ७५. ४.३० — ७०.

त्याच्या वर कालच्या तारखेचे आकडे. त्याच्याही वर परवाचे. परवा सुरुवातच नव्वदपासून होती.

"सत्तर?" मिसबानं वही हातातच धरून विचारलं. "परवा नव्वद होते. रोज बघून बघून कमी होतायत वाटतं?"

त्याचा चेहरा आधीच पांढरा पडला होता, तो आता लाल झाला. "कमी झाले तर चांगलंच आहे."

गोदाबाईंनी कोथिंबिरीची जुडी बांधायची थांबवली.

"म्हणजे — तसं नाही," तो गडबडला. "ते आकडे तुमचे नाहीत. माझे आहेत. भीतीचे."

"माझी भीती वाटते तुम्हाला?"

"तुमची आत्ता वाटायला लागलीय," तो म्हणाला. "आधी फक्त हॉर्नची वाटत होती."

इतकं सरळ उत्तर आलं की मिसबाच्या ओठांवर तयार असलेला टोमणा तिथंच विरघळला. तिनं वही पुसून त्याच्या हातात दिली. आणि उजवा पाय... तिच्या लक्षात आलं, उजवा पाय तो फरशीवर घट्ट दाबून धरत होता. जणू तिथं काहीतरी होतं, आणि ते सोडलं तर सगळी मंडई पुढं घरंगळत जाणार होती.

नाव फैझल. हडपसरच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. शिकवणारा डावीकडे बसतो, त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. नऊ वर्षं त्या डाव्या सीटवर बसून त्यानं अर्धं हडपसर गाडीवर बसवलं होतं. हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं नाही. एखादा कच्चा पेरू कागदात ठेवून पिकवावा, तसं ते चारपाच दिवसांत हळूहळू पिकत आलं.

एप्रिलमध्ये सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरपाशी, पुढं टँकर थांबला म्हणून त्यानं ब्रेक दाबला. मागून ट्रक आला. गाडी फिरून दुभाजकावर चढली. शिकायला आलेला पृथ्वीराज, बँकेत कामाला होता, त्याचा पाय मोडला. फैझलला खरचटलंसुद्धा नाही. पण दारं अडकली होती, आणि हॉर्न दाबला गेला होता तो थांबेचना. पत्रा कापून बाहेर काढेपर्यंत चाळीस मिनिटं तो एकच आवाज.

"पृथ्वीराजसाहेब तीन महिन्यांत बरे झाले. लायसन्ससुद्धा काढलं," फैझल म्हणाला. "मी अजून तिथंच आहे. त्या गाडीत."

झोपेत तेच. जागेपणी हॉर्न वाजला की तेच. उरुळी कांचनला घर, अम्मी तिथं एकटी, आणि घरचा रस्ता त्याच जागेवरून जाणारा. मग हा भवानी पेठेत मामाकडे राहायचा आणि घरी जायचं तर रेल्वेनं, खिडकीकडे पाठ करून. कारण रुळाशेजारून तो रस्ता दिसतो. अम्मी काही बोलायची नाही. फक्त निघताना विचारायची, "रस्त्यानं कधी येशील, बेटा?"

शेवटी मामांनी त्याला कॅम्पातल्या एका दवाखान्यात हिरा मॅडमकडे नेलं. मॅडम मनाच्या आजारांवर उपचार करायच्या. त्यांनी आजाराला नाव दिलं, आघातोत्तर ताणविकार, आणि सांगितलं, हा भित्रेपणा नाही. जखम आहे. आणि जखम भरते.

"औषध काय दिलं मग?" गोदाबाईंनी विचारलं.

"मंडई दिली," फैझल म्हणाला. "दहा पायऱ्यांची यादी आहे. सोप्यापासून अवघडापर्यंत. हॉर्न वाजतात तिथं उभं राहायचं, पळून जायचं नाही. भीती किती, शंभरपैकी, ते लिहायचं. ती आपसूक निम्मी होईपर्यंत थांबायचं. मनाला कळलं पाहिजे, की हॉर्न म्हणजे फक्त हॉर्न. शेवटची पायरी, डाव्या सीटवर बसून त्या जागेवरून जाणं."

"आमच्याकडं नजर उतरून टाकतात."

"अम्मीनं तेही केलंय, मावशी."

मिसबा ऐकत होती. पाच वक्तची नमाज चुकवत नसे ती, सोमवार-गुरुवारचे रोजे धरायची. दुआ आणि दवा या दोन्ही एकाच दारातून येतात असा तिचा भरवसा होता. त्या दिवशी असरनंतर तिनं दुआ मागितली. आणि मागून झाल्यावर तिच्या मनात आलं, नुसती दुआ कशाला... आपल्या हातात आहे तेवढं आपणही करावं की.

तिनं केलंही. आणि तिथंच घोटाळा झाला.

*

त्यानंतर फैझलचे आकडे असे काही उतरायला लागले की बघत राहावं. पन्नास. चाळीस. तीस. त्याचा चेहरा उजळला, खांदे सैल झाले. तो आता खांब सोडून गाळ्याजवळ उभा राहायला लागला. बोलणं वाढलं.

"गाडी येते तुम्हाला?" एकदा त्यानं विचारलं.

"शिकायचीय. अब्बांचा छोटा टेम्पो नुसता उभा असतो. पण शिकवणारा चांगला हवा."

"एक ओळखीचा आहे. सध्या रजेवर आहे."

"ओरडतो का तो?"

"विद्यार्थी कसा आहे त्यावर."

"विद्यार्थीच ओरडला तर?"

"तर..." फैझलनं अंजिराच्या पाटीकडे बघत म्हटलं, "तर तो फी कमी करेल. किंवा शिकवणं लांबवेल. एका महिन्याचा कोर्स सहा महिने."

मिसबानं उगाचच तराजू पुसला. चांगला लखलखीत असलेला तराजू. गोदाबाई मेथीला म्हणाल्या, "ऐक गं बाई, ऐक. आपल्या काळात असं न्हवतं."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो वीसवर आला. हिरा मॅडमनी पुढची पायरी दिली: बस-रिक्षांनी गजबजलेला हडपसरचा गाडीतळ, सकाळी अकराला. तो गेला. आणि सहाव्या मिनिटाला तिथून पळाला. अक्षरशः पळाला. भर रस्त्यातून, रिक्षांना चुकवत, शर्ट घामानं भिजलेला. आकडा लिहायलाही थांबला नाही.

त्याला कळेचना. वीसवरून हे काय झालं? मग त्याच्या डोक्यात आलं, मंडईतच जाऊन बघावं. पण त्या दिवशी चारपर्यंत थांबायचा धीर नव्हता. तो दुपारी एकलाच मंडईत पोचला.

आणि मंडई गर्जत होती. तीन टेम्पो एकमेकांना अडून हॉर्नवर हात ठेवून बसलेले, चौथ्याची मागं घेतानाची धून वाजत होती, त्यात हमालांच्या आरोळ्या. फैझल खांबाला धरून उभा राहिला. मिसबा नुकतीच गाळ्यावर येत होती. त्याला बघून तिच्या हातातली पाटी तशीच राहिली.

"आता कशाला आलास रे?" गोदाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "चार ते पाचात ये की. तवा हिनं समद्यांचे हॉर्न बंद ठेवलेत."

टेम्पो वाजतच राहिले.

"बंद ठेवलेत?" फैझलनं विचारलं.

मिसबानं पाटी खाली ठेवली. "मी टेम्पोवाल्यांना सांगितलं होतं. चार ते पाच वाजवू नका म्हणून. तिखट-मीठ लावलेला पेरू देते रोज एकेकाला. तुम्ही इतके दचकत होता... बघवत नव्हतं मला."

"तीन आठवडे?"

"हो."

"म्हणजे माझे आकडे खोटे."

"खोटे कसे? तुम्ही उभे होतात ना इथं?"

"शांततेत उभा होतो. शांततेत कुणीही उभा राहतो." त्याचा आवाज चढला नाही, तेच तिला जास्त लागलं. "आमच्या स्कूलचे तात्याराव पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याला एकच गोष्ट सांगतात. सारखा आपला ब्रेक दाबून ठेवलास ना, तर शिकणाऱ्याला वाटेल गाडी आपल्याला येते. आणि ज्या दिवशी तो एकटा निघेल, त्या दिवशी मरेल." तो थांबला. "गाडीतळावर मला वाटलं, मी कधीच बरा होणार नाही. मिसबा, ते वीस बघून मी अम्मीला सांगून बसलो होतो — या महिन्यात रस्त्यानं येतो."

तो निघून गेला. मिसबानं हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क आज आपण गमावलाय, असं वाटलं तिला.

चार दिवस खांब रिकामा राहिला. गोदाबाई स्वतःवर चिडल्या, मग मिसबावर, मग टेम्पोवाल्यांवर. "आता तरी वाजवा की रे," त्या ओरडायच्या, कारण टेम्पोवाले सवयीनं चारला गप्प व्हायचे. ती शांतता मिसबाला सहन होईना.

*

पाचव्या दिवशी, गुरुवारचा रोजा धरून, मिसबा कॅम्पातल्या दवाखान्यात गेली. हिरा मॅडम पन्नाशीच्या, पांढरी सुती साडी, टेबलावर बुद्धाची चिमुकली मूर्ती आणि मोगऱ्याचं एक फूल. मिसबानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "माझ्यामुळं त्यांचं वाटोळं झालं असेल तर तेही सांगा. ऐकायची तयारी करून आलेय."

हिरा मॅडम हसल्या. अगदी हळू. "फैझल काय सांगतात ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण तुम्ही काय केलंत ते सांगते. आई करते, बायको करते, सगळे करतात. घरातलं माणूस घाबरतं म्हणून टीव्ही बंद करतात, फटाके वाजले की खिडक्या लावतात, बाजारात स्वतः जातात. प्रेमच असतं ते. पण त्यानं भीतीला वाटतं, आपण खरंच मोठ्या आहोत. बघा, सगळं घर आपल्याला घाबरून वागतंय."

"मग करू काय? नुसतं बघत बसू?"

"बघत बसणं सोपं वाटतं तुम्हाला?" मॅडमनी चष्मा काढला. "त्याला ढकलायचं नाही. मागं ओढायचं नाही. 'विसरून जा' म्हणायचं नाही आणि 'काय झालं ते सांग' म्हणून खोदायचंही नाही. तो सांगेल तेव्हा ऐकायचं. तो थरथरत असताना तुम्ही तिथं असायचं — आणि त्याच्या वाटणीचं काही करायचं नाही. जमेल?"

मिसबानं विचार केला. रोज्यात भूक लागते तेव्हा अन्न समोर असतं. आपण ते बघतो. भूक येते, चढते, आणि मग उतरतेही.

"जमेल," ती म्हणाली. "इन्शाअल्लाह."

त्याच संध्याकाळी ती एकेका टेम्पोवाल्याकडे गेली. "उद्यापासून वाजवा. मन भरून वाजवा."

"आणि पेरू?" एकानं विचारलं.

"पेरू तोच. आता वाजवायचा."

मग तिनं फैझलला फोन लावला. वाटलं होतं, उचलणार नाही. पहिल्याच घंटीला उचलला.

"उद्या चारला या," ती म्हणाली. "मी काहीही बंद ठेवलेलं नाही. मी ओट्यावरून खाली उतरणार नाही. पाणी देणार नाही. हसणारसुद्धा नाही."

"हसायला काय हरकत आहे?"

"मॅडमना विचारलं नाही मी ते. विचारून सांगते."

तो आला. चारला. निळा शर्ट नव्हता, पांढरा होता. खांबाशी उभा राहिला आणि सहा टेम्पोंनी एकदम तोंड उघडलं. अख्ख्या मंडईनं वळून बघितलं. एका गिऱ्हाइकानं गोदाबाईंना विचारलं, "आज काय लग्न आहे का इथं?" गोदाबाई म्हणाल्या, "तारीख ठरायची हाय अजून."

फैझलनं लिहिलं. पंच्याऐंशी. त्याच्या कपाळावर घाम होता. मिसबानं दोन्ही हात ओट्याखाली एकमेकांत घट्ट अडकवले. पाण्याची बाटली तिच्या गुडघ्याशी होती. एका उडीचं अंतर... एक उडी मारली असती आणि त्याचा चेहरा निवला असता. तिनं उडी मारली नाही. फक्त बघत राहिली, त्यानं मान वर केली की आपली नजर तिथं सापडावी म्हणून.

चार वीस. पंच्याऐंशीच. पाय मागं सरकला त्याचा, एक पाऊल, दीड पाऊल. तो थांबला. परत खांबाशी आला.

चार चाळीस. सत्तर.

अजान झाली तरी तो गेला नाही. पाच वाजून पाच मिनिटांनी त्यानं शेवटचा आकडा लिहिला, वही बंद केली आणि पाय ओढत गाळ्याशी आला. पण डोळे... मिसबानं त्याचे डोळे इतके जागे कधी बघितले नव्हते.

"चाळीस," तो म्हणाला. "खरे चाळीस."

"महिनाभरात एक पेरू घेतला नाहीत तुम्ही," मिसबा म्हणाली. "आज तरी घ्या."

"तिखट-मीठ लावून. टेम्पोवाल्यांना देता तसा."

"त्यांना वाजवण्याबद्दल देते."

"मला ऐकण्याबद्दल द्या."

आणि ती हसली. मॅडमना न विचारताच.

*

पुढच्या पायऱ्या तो एकेक करून चढला. गाडीतळ, तीनदा. उभ्या गाडीत डावीकडे बसणं. मग चालत्या गाडीत, तात्याराव गाडी चालवताना. दवाखान्यात डोळे मिटून तो तो दिवस पुन्हा पुन्हा सांगायचा, आत्ता घडतोय असा, आणि घरी त्याचं रेकॉर्डिंग ऐकायचा. एका दिवशी ऐकता ऐकता त्याला एक गोष्ट पहिल्यांदाच ऐकू आली. त्यानंच सांगितलेली. टँकर दोन हातांवर होता, आणि गाडी त्याच्या अलीकडे थांबलेली होती. आपण ब्रेक दाबला म्हणून पृथ्वीराजचा पाय मोडला, असं तो नऊ महिने धरून चालला होता. खरं तर ब्रेक दाबला म्हणूनच ते दोघं टँकरखाली जायचे वाचले होते.

हे सांगायला तो धावत मंडईत आला, तेव्हा मिसबानं त्याला सावकाश ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता एक मी विचारू?"

"विचारा."

"तुम्ही अब्बांशी कधी बोलणार?"

फैझल गंभीर झाला. "त्या जागेवरून डाव्या सीटवर बसून जाईन त्या दिवशी. आधी नाही. तात्यारावांनी जानेवारीअखेरपर्यंत माझी जागा राखलीय. ती सीट परत मिळाली तर तुमच्या अब्बांपुढं मी कोण म्हणून उभा राहतोय ते मला सांगता येईल. नाही मिळाली तर... तुम्हाला जन्मभर माझे हॉर्न बंद करत बसायला लावणार नाही मी."

ती यावर वाद घालू शकली असती. घातला नाही. तिनं शिकाऊ लायसन्स काढलं.

हडपसरच्या मोकळ्या मैदानात स्कूलच्या गाडीवर तिला त्यानं क्लच शिकवला, मग गिअर, मग रस्ता. तो ओरडला नाही. तीच ओरडली, दोनदा, एका म्हशीवर. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी सोलापूर रस्त्याला जायचं ठरलं, तेव्हा अब्बा, अमीन बागवान, स्वतः काठी टेकत गाडीपर्यंत आले. टेम्पोवाल्यांच्या गप्पांतून त्यांच्या कानावर सगळंच आलं होतं. मंडईतले हॉर्न आधी तीन आठवडे बंद होतात आणि मग एका दिवशी सहा टेम्पो मिळून बोंबलतात, हे न कळायला ते बहिरे थोडेच होते.

"तुमचा आकडा किती आज?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

फैझल चमकला. "पंचावन्न, चाचा."

"माझा ऐंशी आहे. मुलगी हायवेला गाडी नेतेय." त्यांनी दार थोपटलं. "संध्याकाळी चहाला या. दोघंच बोलू."

*

हडपसर मागं पडलं. फैझलचे ओठ बंद, नजर समोर. "आरशात बघा," एवढंच अधूनमधून. उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर, मागून वाजवत येणाऱ्या बस. मिसबा आरशात बघत गाडी चालवत होती. तिनं काही विचारलं नाही.

लोणीच्या अलीकडे एक स्कूटी आडवी पडलेली दिसली. कडेला कॉलेजच्या वयाची मुलगी मातीत बसलेली, भोवती पंधरा-वीस माणसं. "कुणी कट मारला?" "सांग की काय झालं." दोघंतिघं मोबाईल वर धरून.

"बाजूला घ्या," फैझल म्हणाला. "इंडिकेटर द्या आधी."

गाडी थांबायच्या आत त्याचा हात दाराला गेला होता. त्या रस्त्यावर, नऊ महिन्यांनी, त्यानं पाय ठेवला, आणि मिसबाला दिसलं की त्याच्या ते लक्षातही नाही.

"मोबाईल खाली घ्या. मागं व्हा जरा, वारा येऊ द्या." आवाज मास्तरांचा होता. मग तो मुलीसमोर उकिडवा बसला आणि तोच आवाज मऊ झाला. "मी फैझल. ह्या मिसबा. कुठं लागलंय का? मान, डोकं?"

कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नव्हतं. पण दात वाजत होते तिचे. नाव निकिता. मिसबानं तिला सावलीत नेलं, खांद्यावर आपली शाल टाकली. फैझलनं काय झालं म्हणून एकदाही विचारलं नाही. कुणाला बोलावू, एवढं विचारलं, आणि तिच्या वडिलांना फोन लावून तिच्याच हातात दिला.

"ही थरथर थांबेल," तो तिला म्हणाला. "आज-उद्या झोप लागणार नाही, दचकायला होईल. ते होणारच. बहुतेकांचं आपोआप निवतं. डॉक्टरांनी कोपर बघितलं की दोन-तीन दिवसांत स्कूटी परत काढ. घराभोवतीच का होईना, एक चक्कर. आणि महिना झाला तरी नाही निवलं, तर लपवून ठेवू नकोस. दाखव कुणाला तरी. मी सहा महिने लपवलं. वाया गेले ते."

वडील येईपर्यंत ते दोघं तिथंच थांबले. निकिता उठून वडिलांच्या गाडीत बसली तेव्हा तिच्या गालांवर रंग परत आला होता.

फैझल गाडीकडे वळला आणि एकदम थबकला. त्यानं मागं बघितलं, पुढं बघितलं. पुढं पाचशे पावलांवर तो दुभाजक होता. त्यावर आता कण्हेरीची झाडं लावली होती.

"आत्ता आकडा..." मिसबा हळूच म्हणाली.

"तीस असेल. पस्तीस." त्यानं खोल श्वास घेतला. "शून्य कधी येणार, विचारलं होतं मी मॅडमना. त्या म्हणाल्या, शून्य कुणाचंच नसतं. रस्त्यावर त्यांचंही दहा असतं."

"मग आपण कशासाठी थांबलोय?"

तो डाव्या सीटवर बसला. पट्टा लावला. ती जागा आली, आणि गेली. ट्रक वाजवत शेजारून निघून गेले, कण्हेरी हलली, आणि गाडी लोणीच्या पुढं होती. मग त्याच्या छातीतून एक हसू असं उसळून आलं की डोळ्यांतूनही वाहायला लागलं. मिसबा रडली नाही. ती तिसऱ्या गिअरमध्ये होती.

"मिसबा," तो म्हणाला. तिच्या नावाचा असा उच्चार तिनं कधी ऐकला नव्हता. "लग्न करशील माझ्याशी? अब्बांना संध्याकाळी विचारतोच आहे. पण आधी तुला विचारायचं होतं. इथं."

"चालत्या गाडीत विचारताय. मला समोर बघायला लागतंय."

"समोर बघूनच सांग."

"हो," मिसबा समोर बघून म्हणाली. "कधीचंच हो."

परत फिरायचं ठरलं होतं तो चौक आला. फैझल म्हणाला, "उरुळी इथून बारा-तेरा किलोमीटर आहे. जमेल तुला?"

तिनं आरशात बघितलं, आणि गाडी सरळ पुढं घेतली.

उरुळीला फैझलच्या अम्मी, सलीमाबी, अंगणात बाजरी पाखडत होत्या. शिकाऊची लाल पाटी लावलेली गाडी दारात येऊन, दोन आचके खाऊन बंद पडली. त्यांनी सूप खाली ठेवलं. लेक डावीकडच्या दारानं उतरला. अम्मीनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग तो आला त्या रस्त्याकडे, आणि मग उजवीकडच्या दारातून ओढणी सावरत उतरणाऱ्या मुलीकडे.

"तू चालवत आणलीस?"

"हो, अम्मी," मिसबा म्हणाली. 'अम्मी' हा शब्द आपल्या तोंडून कसा निघाला, तिलाच कळलं नाही.

"लोणीवरून?"

"लोणीवरूनच."

"आणि हा शेजारी बसला होता? सगळा वेळ?"

"सगळा वेळ. मध्ये एकदा उतरला होता. कामासाठी."

सलीमाबी पुढं आल्या. बाजरीनं माखलेले दोन्ही हात त्यांनी मिसबाच्या चेहऱ्यावरून उतरवले, आपल्या कानशिलांशी नेले आणि तिची नजर काढत दहाची दहा बोटं कडाकडा मोडली.